सायनसची सूज, फिजिओथेरपी आणि घरची काळजी: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायनस म्हणजे नेमके काय, आणि तिथे सूज का येते?

कपाळ, गाल, दोन्ही डोळ्यांच्या मधला भाग आणि नाकामागचा खोल भाग या चार ठिकाणच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या जोडीने असतात आणि त्यांनाच सायनस म्हणतात. जेव्हा 'मला सायनस आहे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला सायनसचा दाह, म्हणजे सायनसायटिस, अभिप्रेत असतो. या पोकळ्यांना आतून ओलसर अस्तर असते. त्यात रोज पातळ स्राव तयार होतो आणि अस्तरावरचे केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू तो स्राव एकाच दिशेने, नाकात उघडणाऱ्या छिद्राकडे, सतत ढकलत राहतात. सर्दीचा विषाणू, ॲलर्जी, धूळ किंवा धूर यांमुळे अस्तर सुजले की ते अरुंद छिद्र बंद होते, स्राव आत साचून घट्ट होतो आणि तंतूंची हालचाल मंदावते.

गालाच्या सायनसची रचना या बाबतीत विशेष गैरसोयीची आहे. तळाशी भोक असण्याऐवजी वरच्या कडेजवळ भोक असलेल्या रांजणासारखी ती असते. त्यामुळे आपण ताठ उभे असतानाही त्यातला स्राव आपोआप खाली वाहून जात नाही, तो त्या सूक्ष्म तंतूंनाच वर चढवून बाहेर काढावा लागतो. पुढे दिलेले जवळजवळ सर्व उपाय, मग ते नाक धुणे असो, झोपण्याची स्थिती असो की श्वसनाचा व्यायाम, हा निचऱ्याचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठीच आहेत.

साधी सर्दी, ॲलर्जी, सायनसायटिस आणि मायग्रेन यांतला फरक घरी ओळखता येतो का?

काही प्रमाणात येतो. साध्या सर्दीची लक्षणे सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढतात आणि नंतर उतरू लागतात. ॲलर्जीत शिंकांची माळ लागते, नाकाला व डोळ्यांना खाज सुटते आणि स्राव पाण्यासारखा पातळ असतो, ताप मात्र नसतो. सायनसायटिसमध्ये नाक चोंदलेले असते किंवा घट्ट, पिवळा-हिरवा स्राव नाकातून वा घशात उतरतो, आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यावर दडपण, वास कमी येणे, वरच्या दाढा ठणकणे किंवा पुढे वाकल्यावर कपाळ जड होणे यांपैकी काही असते. लक्षणे ४ आठवड्यांच्या आत संपली तर तो तीव्र दाह आणि १२ आठवड्यांहून अधिक टिकली तर जुनाट दाह समजला जातो.

आता मायग्रेनविषयी जरा थांबून लिहिणे आवश्यक आहे. कपाळ आणि डोळ्यांभोवतीच्या दुखण्याला वर्षानुवर्षे 'सायनसची डोकेदुखी' म्हणत आलेल्या अनेक रुग्णांना प्रत्यक्षात मायग्रेन असतो. मायग्रेनच्या झटक्यातही नाक चोंदू शकते आणि डोळ्यातून पाणी येऊ शकते, त्यामुळे ही गफलत सहज होते. डोके ठणकताना उजेड किंवा आवाज सहन होत नसेल, मळमळत असेल, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटत असेल आणि नाकातून घट्ट स्राव मात्र येत नसेल, तर चेहऱ्यावर शेक घेत बसण्याऐवजी आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. चुकीच्या नावाखाली घेतलेला उपचार कितीही मनापासून केला तरी तो लागू पडत नाही.

एकाच बाजूच्या नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला संसर्ग हेही कारण असू शकते. गालाच्या सायनसचा तळ आणि वरच्या दाढांची मुळे अगदी लगत असतात. अशा वेळी दंतवैद्याकडे जाणे अपरिहार्य ठरते.

फिजिओथेरपीचा नाकाशी काय संबंध? ती तर गुडघे आणि कंबरेसाठी असते ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा रुग्ण विचारतो आणि तो रास्त आहे. फिजिओथेरपी जंतूंना मारत नाही, ॲलर्जी मुळापासून घालवत नाही आणि नाकातले कोंब, म्हणजे पॉलिप, विरघळवत नाही. ती तीन गोष्टी करते: स्रावाचा निचरा सुलभ करण्यास मदत, चेहरा, मान व खांद्यांतील वेदना आणि ताठरपणा कमी करणे, आणि रुग्णाला घरी रोज करता येतील अशा कृती अचूक शिकवणे. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. जुनाट दाहात खरा फरक पडतो तो क्लिनिकमधल्या अर्ध्या तासाने नव्हे, तर घरच्या बेसिनपाशी रोज सकाळी नेमाने दिलेल्या दहा मिनिटांनी.

अल्ट्रासाउंड, शॉर्टवेव्ह, लेझर या यंत्रोपचारांनी कितपत फायदा होतो?

जुनाट सायनसायटिससाठी गाल व कपाळावर दिल्या जाणाऱ्या उपचारात्मक अल्ट्रासाउंडवर (ध्वनिलहरींच्या उपचारावर) निरनिराळ्या देशांत काही अभ्यास झाले आहेत आणि त्यांत चेहऱ्याचे दडपण व नाक चोंदणे कमी झाल्याचे दिसले आहे. मात्र हे अभ्यास लहान आहेत. युरोपातील तज्ज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या सविस्तर मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट दाहाच्या पहिल्या टप्प्यातील उपचारांत मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे यांना स्थान आहे, यंत्रोपचारांना नाही. म्हणून अल्ट्रासाउंड हा पूरक उपचार समजावा. कोणी केवळ यंत्राच्या ठरावीक बैठकांत सायनस 'कायमचा बरा' करण्याची हमी देत असेल, तर ती हमी स्वीकारू नये.

प्रत्यक्षात हा उपचार देताना गालाच्या किंवा कपाळाच्या त्वचेवर जेल लावून यंत्राचे डोके लहान वर्तुळांत सतत फिरवत ठेवतात. ते एका जागी स्थिर ठेवत नाहीत. कपाळाचे हाड त्वचेच्या अगदी खाली असल्यामुळे तिथे तीव्रता गालापेक्षा कमी ठेवावी लागते. बुबुळावर ते कधीही फिरवायचे नसते. त्वचेला सौम्य ऊब जाणवली तर ठीक, पण हाडात टोचल्यासारखे किंवा ठणकल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे, 'सहन करतो, चालू द्या' असे म्हणू नये.

यंत्रोपचार कोणी घेऊ नयेत?

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी, गरोदर स्त्रियांनी, डोके-मानेच्या भागात कर्करोग असलेल्या किंवा होऊन गेलेल्या रुग्णांनी, चेहऱ्याची संवेदना कमी झालेल्यांनी आणि अंगात ताप असताना कोणीही हे उपचार घेऊ नयेत. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर ते आधी सांगावे. शॉर्टवेव्ह हा विद्युतचुंबकीय शेक असल्यामुळे धातू त्यात तापतो. चेहऱ्यात वा मानेत बसवलेली प्लेट असेल तर तो टाळावा, दातांवरील धातूच्या टोपीची कल्पना द्यावी, आणि नाकातली चमकी, कानातले व गळ्यातले मंगळसूत्र उपचारापूर्वी काढून ठेवावे. चमकी घट्ट बसलेली असते म्हणून अनेक जणी ती काढायला नको म्हणतात, पण त्या एवढ्याशा धातूनेही त्वचा भाजू शकते. निघतच नसेल तर तो उपचार सोडून द्यावा, दुसरे पर्याय आहेत.

जलनेती कशी करावी?

जलनेती म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे. घरच्या उपायांपैकी सर्वांत भक्कम आधार या उपायाला आहे, म्हणून येथे तपशिलाने लिहीत आहे.

अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट भरलेला एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, मीठ घालावे. शक्यतो आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेले बारीक मीठ वापरावे. औषधांच्या दुकानात मिळणारी तयार पाकिटे वापरल्यास मोजमापाचा प्रश्नच राहत नाही. मीठ पूर्ण विरघळले पाहिजे. साध्या, बिनमिठाच्या पाण्याने नाकात झोंबते आणि मीठ फार झाले तरी झोंबते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहावे. ते ना गार ना गरम असे वाटले पाहिजे.

बेसिनसमोर थोडे पुढे वाकून उभे राहावे आणि डोके एका बाजूला कलते करावे, पण कपाळ व हनुवटी साधारण एका पातळीत ठेवावी. हनुवटी फार वर गेली तर पाणी घशात उतरते, फार खाली गेली तर कपाळाकडे चढून झिणझिण्या येतात. तोंड उघडे ठेवून तोंडानेच संथ श्वास घ्यावा. नेतीपात्राची तोटी वरच्या नाकपुडीत सैलसर बसवावी आणि पात्र हळूहळू तिरके करावे. काही क्षणांत दुसऱ्या नाकपुडीतून पाणी वाहू लागते. या वेळी बोलू नये, हसू नये, आवंढा गिळू नये. निम्मे पात्र संपले की बाजू बदलावी.

पाणी काढण्याच्या टप्प्यात बहुतेकांची घाई होते. दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून, कमरेतून वाकून, डोके हळूच डावी-उजवीकडे वळवत हलके श्वास सोडावेत. नाक चिमटीत धरून जोराने शिंकरू नये, कारण त्या दाबाने स्राव उलट सायनसमध्ये किंवा कानाच्या नळीत ढकलला जाऊ शकतो. एवढे करूनही तासाभराने बुटाची नाडी बांधायला किंवा देवापुढे नमस्काराला वाकल्यावर नाकातून अचानक चमचाभर पाणी गळू शकते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, ते आत राहिलेले नेतीचेच पाणी असते. म्हणूनच नेती करून लगेच गादीवर आडवे होऊ नये आणि गार वाऱ्यात दुचाकीवर निघू नये.

एरवी दिवसातून एकदा आणि त्रास वाढलेला असताना दोनदा नेती पुरते. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला असेल तर आधी नेती करून नाक रिकामे होऊ द्यावे आणि पाऊण-एक तासाने स्प्रे मारावा, म्हणजे औषध वाहून जात नाही. पात्र रोज धुऊन, पालथे घालून पूर्ण कोरडे करावे आणि प्रत्येकाचे वेगळे असावे.

नळाचे, बोअरचे किंवा गोदावरीचे पाणी नेतीसाठी चालेल का?

नाही. या बाबतीत कोणतीही सवलत नाही.

पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा असू शकतो. हे पाणी पोटात गेले तर त्याचा अपाय होत नाही, परंतु नाकातून वर गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि होणारा आजार बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. हा आजार अत्यंत विरळ आहे, तरी २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अशा अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. काळजी घेणे अगदी सोपे असताना धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्यावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने एवढा वेळ पुरतो, पण गॅसवर आणखी दोन-तीन मिनिटे ठेवल्यास हरकत नाही. मग ते झाकून कोमट होऊ द्यावे. आरओचे पाणी, बाटलीबंद पाणी आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी हे सर्व उकळूनच वापरावे. सीलबंद डिस्टिल्ड वॉटर तेवढे थेट चालते.

रामकुंडावरून किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावरून आणलेले तीर्थ श्रद्धेने घरात ठेवले जाते आणि २०२७ च्या सिंहस्थात तर ते घरोघरी येईल. त्या श्रद्धेचा पूर्ण आदर ठेवून सांगतो की ते पाणी नेतीसाठी वापरू नये. कुंडात डुबकी घेताना ज्यांना सायनसचा त्रास आहे त्यांनी नाक बोटांनी बंद धरावे.

नेती कोणी करू नये?

नुकतीच नाकाची, कानाची किंवा मेंदूच्या तळाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय करू नये. नाकातून वारंवार रक्त येणाऱ्यांनी, कान वाहत असणाऱ्यांनी आणि नाक दोन्ही बाजूंनी ठार बंद असताना नेती टाळावी. सूचना समजून सहकार्य करू न शकणाऱ्या लहान मुलांना ती करायला लावू नये. त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे होतात. नेतीनंतर कान दुखू लागला तर थांबावे. सूत्रनेती, म्हणजे नाकातून दोरा किंवा रबरी नळी घालून तोंडावाटे काढणे, मात्र पुस्तक किंवा चित्रफीत पाहून कधीही करू नये.

वाफ घेतल्याने सायनस मोकळा होतो का?

वाफेने बरे वाटते हे खरे आहे आणि कोणाचा तो दिलासा हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. परंतु ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या रुग्णांमध्ये नाक धुण्याने काही प्रमाणात फायदा झाला, तर वाफेने डोकेदुखी वगळता इतर लक्षणांत विशेष फरक पडला नाही. तेव्हा वेळ एकाच गोष्टीसाठी असेल तर तो नेतीला द्यावा.

वाफ घ्यायचीच असेल तर विजेवर चालणारे छोटे यंत्र वापरावे. उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर किंवा पलंगावर ठेवून, डोक्यावर चादर घेऊन बसण्याची आपल्याकडची रीत धोकादायक आहे. पातेले कलंडून मांड्या आणि पोट भाजते, आणि यात मुले अधिक भाजतात. निलगिरीचे तेल, कापूर किंवा बाम पाण्यात टाकल्याने नाक उघडल्यासारखे 'वाटते', कारण मेंथॉलसारखे पदार्थ नाकातील गारव्याच्या संवेदना जागवतात. हवेचा मार्ग मात्र तितकाच अरुंद राहतो. लहान मुलांच्या नाकाला कापूर किंवा बाम लावू नये.

चेहऱ्याचा मसाज कसा करावा?

हात धुऊन कोमट करावेत. दोन्ही तर्जनी व मधली बोटे भुवयांच्या आतल्या टोकांवर ठेवून हलका दाब द्यावा आणि भुवईच्या कडेने कानशिलांकडे संथपणे सरकवावीत. मग नाकाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोटे ठेवून नाकपुड्यांच्या कडेने खाली यावे, तिथून गालाच्या हाडाखालून कानापर्यंत जावे आणि शेवटी कानामागून मानेच्या बाजूने गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरावे. प्रत्येक रेघ पाच-सहा वेळा पुरते. दाब एवढाच असावा की त्वचा सरकेल, पण हाड दुखणार नाही. जोर लावला म्हणजे कफ लवकर सुटतो हा समज चुकीचा आहे. दाबल्यावर तीव्र कळ येत असेल, त्वचा लाल व गरम असेल किंवा ताप असेल तर मसाज करू नये.

मसाजापूर्वी कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन गालांवर व कपाळावर पाच मिनिटे ठेवल्यास स्नायू सैल होतात. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी त्याचे तापमान घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे.

भ्रामरी, अनुलोम-विलोम, कपालभाती यांपैकी काय करावे?

भ्रामरी अवश्य करावी. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले की शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत गुंजन करत श्वास सोडल्यास नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण सुमारे १५ पट होते. हा वायू सायनसमध्येच तयार होतो. गुंजनाच्या कंपनामुळे सायनस आणि नाक यांच्यातील हवेची देवाणघेवाण झपाट्याने वाढते, असा याचा अर्थ आहे. यावरून भ्रामरीने आजार बरा होतो असे सिद्ध होत नाही, परंतु ती निर्धोक आणि बिनखर्चाची आहे. ओठ सैल मिटून, जबडा सैल सोडून, नाकाने श्वास घ्यावा आणि 'म्' चा एकसंध नाद करत तो सोडावा. नाद गालांवर बोटांना जाणवला पाहिजे. पाच ते दहा आवर्तने, दिवसातून दोनदा करावीत.

अनुलोम-विलोम नाक थोडेफार उघडे असेल तेव्हाच करावे. बंद नाकपुडीतून श्वास खेचण्याचा अट्टहास नको. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र त्रास तीव्र असताना बंद ठेवाव्यात. कोंडलेल्या नाकातून झटक्याने श्वास सोडल्यास दाब कानाकडे जातो आणि डोकेदुखी वाढते.

वेगाने चालण्यासारख्या व्यायामाने नाकातील रक्तवाहिन्या आकुंचन पावून नाक काही काळ मोकळे होते. ताप नसेल तर गोल्फ क्लब मैदानावर किंवा गंगापूर रोडच्या कडेने वीस-तीस मिनिटे चालणे उत्तम, मात्र थंडीत पहाटेऐवजी उन्हे वर आल्यावर जावे.

रात्री नाक बंद होऊन झोपमोड होते, काय करावे?

आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तपुरवठा वाढून अस्तर अधिक फुगते, म्हणून उशाकडील बाजू उंच ठेवावी. केवळ मानेखाली दोन उशा कोंबल्या तर मान वाकते आणि सकाळी ती अवघडते, म्हणून खांद्यांपासून उतार तयार होईल अशी मांडणी करावी. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी चोंदते आणि वरची उघडते. त्यामुळे उजवी बाजू बंद असेल तर डाव्या कुशीवर वळावे. झोपण्याच्या बऱ्याच आधी नेती, मग थोडी भ्रामरी आणि मग ही स्थिती, एवढ्यावर बऱ्याच जणांची रात्र निभावते.

सायनससोबत मानही दुखते. याचा काही संबंध आहे का?

आहे. मानेच्या वरच्या मणक्यांकडून येणाऱ्या आणि चेहऱ्याकडून येणाऱ्या वेदनेच्या संवेदना मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे मानेतील ताण कपाळावर किंवा डोळ्यामागे जाणवू शकतो. शिवाय नाक बंद असलेला माणूस तोंडाने श्वास घेताना डोके नकळत पुढे काढतो आणि मानेच्या मागच्या स्नायूंवर दिवसभर भार पडतो. मोबाइल व संगणकावर वाकून काम करणाऱ्यांत हे दुप्पट होते. फिजिओथेरपिस्ट कवटीच्या तळाशी असलेले स्नायू हाताने सैल करतात आणि मणक्यांची हालचाल तपासतात. घरी करण्यासाठी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच सेकंद थांबावे आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. खांदे मागे व खाली ओढण्याचा व्यायाम याच्या जोडीला करावा.

नाशिकच्या हवेमुळे त्रास वाढतो का?

हवा चांगली म्हणून देवळालीला विश्रांतीसाठी येण्याची जुनी परंपरा आहे, तरी जिल्ह्यातील कामधंद्यांचे स्वरूप नाकाच्या दृष्टीने सोपे नाही.

निफाडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. पहाटेच्या पाळीसाठी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीकडे दुचाकीवर जाणाऱ्यांच्या नाकात ही कोरडी, गार हवा थेट शिरते. हेल्मेटच्या आत नाकावरून सुती रुमाल बांधल्यास श्वासाची हवा थोडी उबदार आणि दमट होते. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरील बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या व गंधकाची धुरळणी सुरू होते. तिथे साधा कापडी मास्क अपुरा पडतो आणि एन-९५ मास्क केवळ कण अडवतो, रसायनाची वाफ नाही. फवारणी करणाऱ्यांनी कोळशाच्या फिल्टरचा मास्क वापरावा, वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवावी आणि घरी येताच अंघोळीसोबत नाकही धुवावे. लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात कांद्याच्या चाळीत निवडीला बसणाऱ्या महिलांच्या नाकात फोलपटाची धूळ आणि काळी बुरशी दिवसभर जाते. त्यांच्यासाठी एन-९५ मास्क उपयोगी आहे. पदराचे टोक नाकाला लावल्याने ही धूळ अडत नाही. इगतपुरी-त्र्यंबक भागात पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल आणि बुरशी, तसेच रिकाम्या भूखंडांवरचे गाजर गवत, ही ॲलर्जीची नेहमीची कारणे आहेत.

घरातला धूरही मोजावा: चूल, धूप, डासांची कॉइल, बिडी-सिगारेट. तपकीर ओढणाऱ्यांनी ती बंद केल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही.

दही, केळी, थंड पाणी बंद करावे का?

सरसकट नाही. एखाद्या पदार्थाने आपल्याला नक्की त्रास होतो असे वारंवार दिसले असेल तर तो टाळावा. पाणी व गरम पेज, सूप भरपूर घ्यावे.

अँटिबायोटिक आणि नाकाच्या स्प्रेबाबत काय पाळावे?

तीव्र सायनसायटिस बहुतांश वेळा विषाणूमुळे होतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. स्राव पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूसंसर्ग झाला असे ठरत नाही. दहा दिवसांनंतरही लक्षणे जराही कमी न होणे, बरे वाटू लागल्यावर पुन्हा एकदम वाढणे, किंवा सुरुवातीपासून सलग तीन-चार दिवस मोठा ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्याची तीव्र वेदना असणे, या परिस्थितीत डॉक्टर त्याचा विचार करतात. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या घेऊ नयेत.

नाक लगेच उघडणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. अधिक वापरल्यास औषधाचा असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद होते आणि थेंबांचीच सवय लागते. वर्षानुवर्षे खिशात ती बाटली बाळगणारे रुग्ण आहेत, आणि ती सोडवणे हेच त्यांच्या उपचारातले सर्वांत अवघड काम असते. स्टेरॉइड स्प्रे वेगळा. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवडेच्या आठवडे वापरला जातो आणि त्याची सवय लागत नाही. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या भिंतीकडे जातो आणि नाकातून रक्त येणे टळते.

कोणत्या लक्षणांत घरचे उपाय थांबवून तातडीने रुग्णालयात जावे?

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, दृष्टी अंधुक होणे, कपाळावर मऊ सूज, मान ताठ होणे, असह्य डोकेदुखीसह उलट्या, गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धता. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. मधुमेह नियंत्रणात नसलेल्या, स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीच्या नाकातून काळपट स्राव येणे, गाल बधिर होणे किंवा टाळूवर काळा डाग दिसणे ही म्युकरमायकोसिसची चिन्हे असू शकतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने या बुरशीचा कहर पाहिला आहे. अशा रुग्णाने 'सायनसच असेल' म्हणून शेक घेत एक दिवसही घालवू नये.

किती दिवसांत फरक जाणवेल, आणि शस्त्रक्रिया टळू शकेल का?

तीव्र दाह बहुधा दोन ते तीन आठवड्यांत ओसरतो. जुनाट दाहात नेती, स्प्रे, व्यायाम आणि धुळीपासून बचाव हे सर्व नेमाने केल्यास काही आठवड्यांत फरक दिसू लागतो, पण पूर्ण अंदाज यायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. एवढे करूनही त्रास तसाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकाची दुर्बीण तपासणी आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करतात. मोठे पॉलिप असल्यास किंवा निचऱ्याचा मार्ग रचनेमुळेच बंद असल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया योग्य ठरते आणि ती लांबवण्यासाठी फिजिओथेरपीचा आडोसा घेऊ नये. नाकाचे हाड थोडे वाकडे असणे मात्र असंख्य लोकांत आढळते, केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रिया लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरही तज्ज्ञ सांगतील तेव्हापासून नेती चालू ठेवावीच लागते.

फिजिओथेरपिस्टची निवड कशी करावी आणि पहिल्या भेटीला काय न्यावे?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे आणि राज्यातील फिजिओथेरपीचे पदवी शिक्षण बव्हंशी त्याच्या अखत्यारीत चालते. आपल्या फिजिओथेरपिस्टची पदवी आणि महाराष्ट्राच्या परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. पहिल्याच भेटीत यंत्र लावण्यापूर्वी ते आपली पूर्ण हकिगत विचारतात का, ताप, डोळे व दात यांविषयी चौकशी करतात का, मान तपासतात का आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे परत पाठवतात का, हे पाहावे.

जाताना जुने अहवाल व सीटी स्कॅनची फिल्म, चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या आणि नाकात वापरत असलेले स्प्रे व थेंब प्रत्यक्ष सोबत न्यावेत. मागील दोन आठवड्यांत त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कोणते काम करताना वाढला याची वहीत तारखेनुसार नोंद असल्यास उत्तम. नेतीपात्र घरी असेल तर तेही घेऊन जावे आणि आपण नेती कशी करता ते त्यांच्यासमोर करून दाखवावे.